जांबोटीची जीप सिन्नरला: कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

थोरल्या मामांची जीप आज जांबोटीजवळच्या शेतावरून टेम्पोवर चढवून बेळगावला, उद्यमबागेतील आमच्या शेडमध्ये आणली. गाडी १९६८ सालची महिंद्र सीजे-३बी आहे, पेट्रोल इंजिनाची आणि डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली. मामा गेल्यानंतर ती गोठ्याशेजारच्या पडवीत उभीच होती. मामेभाऊ, म्हणजे आमचे दादा, सिन्नरला स्थायिक झाले आहेत आणि जीप आता त्यांच्या मळ्यावर जायची आहे. सिन्नरपर्यंत टेम्पोनेच पाठवणे सोपे होते. परंतु गाडी स्वतःच्या चाकांवर घरी यावी अशी दादांची इच्छा आहे आणि माझेही मत तेच आहे, कारण एवढा पल्ला चालून आलेल्या गाडीचे गुणदोष मालकाला ठाऊक झालेले असतात.

बेळगावहून निपाणी, कोल्हापूर, कराड, सातारा, पुणे आणि तेथून नाशिक रस्त्याने संगमनेरवरून सिन्नर, असा हा सुमारे सव्वापाचशे किलोमीटरचा रस्ता आहे. त्यात वंटमुरीचा घाट आहे, निपाणीच्या अलीकडे तवंदी आहे, साताऱ्यानंतर खंबाटकी, पुण्यात शिरताना कात्रज आणि संगमनेरच्या आधी चंदनापुरी आहे. उत्तरेकडे जाताना यांतील बहुतेक ठिकाणी लांब उतार वाट्याला येतो. त्यामुळे पहिला विचार ब्रेकचा, नंतर स्टिअरिंगचा, त्यानंतर पाणी आणि पेट्रोल यांचा करायचा, आणि रंगाला या खेपेस हात लावायचा नाही, असे ठरवले आहे.

१० नोव्हेंबर

आज फारसे काही न खोलता पाहणी केली. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना तेथे लोखंडाचे काय होते हे सांगावे लागत नाही. तरीही चेसिस अपेक्षेपेक्षा चांगली निघाली. मामा दर पावसाळ्याआधी चेसिसला जळके ऑईल लावत असत, त्याचा हा गुण आहे. मागच्या बाजूचा फरशीचा पत्रा मात्र दोन ठिकाणी हाताने दाबला तरी आत जातो. उंदरांनी वायरिंग कुरतडले आहे. टायरवरची नक्षी भरपूर शिल्लक दिसते, पण बाजूवरील चार आकडी खुणेतील शेवटचे दोन आकडे ०६ आहेत, म्हणजे हे टायर २००६ सालचे आहेत. नक्षी शिल्लक असली तरी इतक्या वर्षांनंतर रबर कडक होते आणि महामार्गावरच्या सततच्या उष्णतेत आतले थर सुटू लागतात. पाचही टायर आणि ट्यूब नवीन घ्यायच्या.

इंजिन सुरू करून पाहण्याचा मोह शेडमध्ये आलेल्या प्रत्येकाला झाला. त्याला नकार दिला. उभ्या गाडीच्या सिलिंडरमधील तेलाचा थर वाळलेला असतो, रिंगा भिंतीला धरून बसलेल्या असतात आणि ऑईलच्या टाकीतील गाळ पंपाच्या जाळीवर येण्यासाठी टपलेला असतो. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडले आणि आठवडाभर मुरत ठेवले.

१६ नोव्हेंबर

पुढून हँडल लावून इंजिन हाताने फिरवले. ते मोकळे आहे. मिस्त्रींनी, ज्यांनी मामांच्या हयातीत याच इंजिनाचे बोरिंग केले होते, हँडल हातात घेतल्याबरोबर चारही सिलिंडर दाब धरतात असे सांगितले, आणि गेजवर ते खरे ठरले: ११०, ११५, १०८ आणि ११२ पौंड. आकड्यांपेक्षा त्यांतील सारखेपणा मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

या इंजिनाविषयी थोडे लिहून ठेवतो, कारण पुढची देखभाल दादांना करायची आहे. याला हरिकेन म्हणतात. १३४ घनइंच, म्हणजे सुमारे २.२ लिटरचे हे चार सिलिंडरचे इंजिन असून त्यातील इनटेक व्हॉल्व वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व खाली ब्लॉकमध्ये आहेत. या रचनेमुळे इंजिन उंच झाले आणि म्हणूनच सीजे-३बीचे बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच करावे लागले. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ते १९६८ या काळात बनले, आणि आपल्याकडे महिंद्रने ते त्यानंतरही बरीच वर्षे चालू ठेवले. पिस्टनची धाव १११ मिलिमीटर आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, केवळ ७९ मिलिमीटर आहे. इतक्या लांब धावेचे इंजिन कमी फेऱ्यांत ओढते, पण जास्त फेऱ्यांत ठेवले की झिजते.

१७ नोव्हेंबर

जुने ऑईल गरम न करताच काढले आणि तळाची टाकी उतरवली. तळाशी बोटभर काळा गाळ होता. जाळी रॉकेलने धुतली, नवे पॅकिंग घातले आणि २०डब्ल्यू-५० प्रतीचे साधे खनिज ऑईल भरले. क्रँकच्या मागच्या सीलमधून ऑईल थेंबथेंब गळते. ते थांबवण्यासाठी बरेच काही उतरवावे लागेल आणि तेवढे काम या प्रवासासाठी आवश्यक नाही. थेंब मोजता येतो, वाटेत भरता येतो, म्हणून ते तसेच ठेवले.

२३ नोव्हेंबर

पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालून काढली. आत गंज आणि राळेसारखा चिकट थर होता. मूठभर गुळगुळीत खडी आणि सायकलची जुनी चेन आत टाकून टाकी बराच वेळ हलवली, नंतर गंज काढणारे आम्ल फिरवले आणि गरम पाण्याने धुऊन लगेच वाळवली. टाकी उघडी वाळत ठेवून इतर काम करण्यात अर्थ नसतो, कारण ओल्या पत्र्यावर तासाभरात पुन्हा गंज धरू लागतो.

रबराचे सर्व पाईप बदलले. यामागचे कारण केवळ त्यांचे वय नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. या जीपच्या काळातील रबर आणि पंपातील पडदा इथेनॉलने फुगतो, मऊ होतो आणि शेवटी फाटतो. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, आणि पाणी ठरावीक प्रमाणापुढे गेले की ते पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसते. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे पाईप घातले, पंपाला त्याच प्रकारचा नवा पडदा बसवला आणि टाकी व पंप यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर टाकला. गाडी उभी ठेवायची असेल तेव्हा पेट्रोल काढून ठेवावे, असे दादांसाठी लिहिले आहे.

२४ नोव्हेंबर

इंजिन सुरू झाले. ठिणगीची वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट घासून ०.०२० इंच अंतर ठेवले, प्लगचे अंतर ०.०३० इंच, नवा कंडेन्सर. तेलाचा दाब लगेच आला.

३० नोव्हेंबर आणि १ डिसेंबर

दोन्ही दिवस ब्रेकवर गेले आणि ते जायलाच हवे होते. या जीपला चारही चाकांना नऊ इंची ड्रम आहेत, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, आणि मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेक ऑईलचा एकच मार्ग आहे. आजच्या गाडीत एक पाईप फुटला तरी दोन चाके थांबतात, येथे एक पाईप फुटला की चारही जातात. उरतो तो हँडब्रेक. तो मागच्या चाकांवर नाही, ट्रान्स्फर केसच्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद वाटणाऱ्या डब्याच्या, मागे बसवलेल्या छोट्या ड्रमवर आहे आणि प्रोपेलर शाफ्टला धरतो. शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, तुटला तर हँडब्रेक ओढूनही उपयोग नसतो. एवढे समजल्यावर लोखंडी पाईप वरून चांगला दिसतो म्हणून ठेवण्याची हिंमत कोणी करू नये.

सर्व पाईप नवे ओढले, तिन्ही लवचीक होज बदलले, चारही व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर नवे घातले. ड्रम उद्यमबागेतील लेथवर नेऊन तपासले. पुढचा डावा ड्रम लंबगोल झाला होता, तो वळवून घेतला आणि त्याच्या जोडीचा उजवाही तेवढाच वळवला, म्हणजे गाडी एका बाजूला ओढणार नाही. नवे लायनर ड्रमच्या गोलाईला घासून बसवले. ब्रेक ऑईल डॉट-३ ऐवजी डॉट-४ घातले. डॉट-३ कोरडे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते आणि डॉट-४ किमान २३०ला. दोन्ही ओल शोषतात आणि त्यानंतर हे आकडे बरेच खाली येतात. लांब उतारावर तापलेल्या ड्रमने सिलिंडरमधील ऑईलला बुडबुडे आले तर पेडल थेट फरशीला लागते, म्हणून हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

एअर काढण्याचे काम सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू केले. मुलाने पेडल दाबले, मी चाकावरचे हवा सोडण्याचे निपल सांभाळले. पेडल आता अर्ध्याच्या वर कडक लागते.

७ डिसेंबर

स्टिअरिंग. गाडी सरळ रस्त्यावर भटकते अशी तक्रार मामाही करत असत, आणि तिचे मूळ बहुतेक जण स्टिअरिंगच्या डब्यात शोधतात. या जीपमध्ये डब्यातून येणारा दांडा आधी पुढच्या आडव्या पट्टीवरील बेल क्रँकला, म्हणजे पिनेवर फिरणाऱ्या तरफेला, फिरवतो आणि तेथून दोन्ही चाकांकडे दांडे जातात. या बेल क्रँकची पिन झिजली की चाकांपाशी बोटभर खेळ तयार होतो आणि डबा कितीही कसला तरी तो जात नाही. पिन काढली तेव्हा ती मधोमध बारीक झालेली होती.

बेळगावात राहण्याचा येथे खरा लाभ झाला. फौंड्री आणि क्रँकशाफ्टच्या कामासाठी हे शहर ओळखले जाते, आणि उद्यमबागेत एका गल्लीत ओतकाम, दुसऱ्या गल्लीत लेथ आणि तिसऱ्या गल्लीत इंडक्शन हार्डनिंग होते. लेथवाल्या अण्णांनी पिनेची जुनी बाजू, जिथे झीज नव्हती, मापून नवी पिन वळवली, ती कडक करून घेतली, ग्राइंडिंग केले आणि गनमेटलचे बुश तिच्यावर बसते करून दिले. बुशमध्ये ग्रीससाठी खाच काढायला मी सांगण्याची गरज पडली नाही. तयार सुटा भाग मागवला असता तर तो याच्या निम्म्यानेही टिकला नसता असे मला वाटते.

चाक ज्यावर वळते त्या किंगपिनचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, कमी करून चाकांचा खेळ काढला. डावीकडच्या चाकांचे नट उलट आट्याचे आहेत, हे वाटेत मदतीला येणाऱ्या माणसाला ठाऊक नसेल आणि तो जोर लावून स्टड तोडेल. म्हणून रिंगवर पांढऱ्या रंगाने बाण काढले.

८ डिसेंबर

गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांचे ऑईल बदलले. गिअरबॉक्समध्ये पितळी भाग आहेत आणि जीएल-५ प्रतीच्या ऑईलमधील गंधकयुक्त रसायने पितळाला खाऊ शकतात, म्हणून ९० नंबरचे जीएल-४ शोधून आणले. दोन्ही डबे एकमेकांना जोडलेले असल्याने मधल्या सीलमधून ऑईल एकातून दुसऱ्यात जाते. तपासताना दोन्हीकडची पातळी एकाच वेळी पाहावी.

१४ डिसेंबर

रेडिएटर काढून खडे बाजारच्या बाजूला असलेल्या जुन्या रेडिएटरवाल्यांकडे दिला. वरची टाकी उघडल्यावर तिसरा हिस्सा नळ्या क्षाराने बंद दिसल्या. शेतावर बोअरचे पाणी भरले जाई, त्याचा हा साठा. नळ्यांतून सळई फिरवून साफ केल्या. ब्लॉकच्या बाजूची पाणी सोडण्याची तोटी उघडली तर काहीच आले नाही. तारेने टोकरल्यावर तपकिरी चिखल आला आणि मग पाणी. रेडिएटर कितीही साफ केला आणि हा चिखल ब्लॉकमध्ये राहिला तर मागचे सिलिंडर तापतच राहतात. स्वच्छ पाणी येईपर्यंत उलट्या दिशेने पाणी सोडले. शुद्ध पाणी आणि कूलंट भरले, नवे होज, नवा थर्मोस्टॅट, नवा फॅन बेल्ट.

१५ डिसेंबर

वायरिंग नवे ओढले. डायनॅमो आणि कटआउट मूळचेच ठेवले आहेत. इंजिन मंद चालत असताना डायनॅमो चार्ज करत नाही, त्यामुळे गर्दीत उभे राहिले की दिवे मंदावतात. यावर उपाय म्हणजे अल्टरनेटर. पण तो बसवण्यापेक्षा अंधारात गाडी चालवायचीच नाही असे आम्ही ठरवले, आणि त्याला आणखी एक कारण आहे. हा उसाच्या गळिताचा हंगाम आहे. निपाणी, कागल आणि कोल्हापूरच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या जोडून ऊस जातो आणि अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. फरशीचा पत्राही आज बदलला.

२१ डिसेंबर

कागदपत्रे. नोंदणीचे नूतनीकरण झालेले आहे, विमा उतरवला, धुराची तपासणी केली. या वयाच्या पेट्रोल गाडीला मंद गतीवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. कार्ब्युरेटर नीट बसवल्यावर जीप तिच्या आत आली.

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असल्याने तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी का करत नाही, असे अनेकांनी विचारले. केंद्र सरकारने २०२१ साली असा नियम केला आहे, परंतु त्या नोंदणीची गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांसाठीच ती बाहेर काढता येते. दादांना जीप मळ्यावर रोज वापरायची आहे, म्हणून साधी नोंदणीच योग्य आहे. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायच्या गाडीला तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी लागणाऱ्या ना हरकत दाखल्याचा अर्ज आजच दिला.

२८ डिसेंबर

पहिली लांब चाचणी. बेळगाव–वेंगुर्ला रस्त्याने हिंडलगा, शिनोळी, पुढे पाटणे फाटा आणि परत. पुढची दोन्ही आसने भरलेली आणि मागे सामानाच्या वजनाची वाळूची पोती.

शहरातल्या फेऱ्यांत जीपने एकदाही तक्रार केली नव्हती. न थांबता तासभर चालवल्यावर मात्र मागच्या उजव्या चाकाशी तेल जळाल्याचा वास येऊ लागला. ड्रम काढला तर नव्या लायनरवर अ‍ॅक्सलचे ऑईल पसरले होते. सील नवे, शाफ्टवर खाच नाही, तरी गळते. मिस्त्रींनी सील पाहिलेच नाही. त्यांनी गाडीखाली जाऊन हौसिंगवरचे श्वासनिपल काढले आणि प्रकाशात धरले. त्याच्या भोकात कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते आणि ते विटेसारखे कडक झाले होते. अ‍ॅक्सल तापला की आतली हवा प्रसरण पावते. तिला निपलातून बाहेर जाता आले नाही तर ती सीलच्या ओठावर दाब देते आणि ऑईल ब्रेकमध्ये ढकलते. दहा किलोमीटरच्या फेरीत अ‍ॅक्सल तेवढा तापतच नाही, त्यामुळे शेडभोवती महिनाभर फिरलो असतो तरी हे कळले नसते.

मला या सबंध कामात सांगण्यासारखे काही असेल तर ते हेच आहे. उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीचे खरे दोष खोलून पाहताना अर्धेच दिसतात. उरलेले उष्णता बाहेर काढते, आणि ती उष्णता यायला सलग अंतर लागते. प्रवासाआधी प्रवासाएवढी तापेल अशी चाचणी घेतली नाही, तर ती चाचणी महामार्ग घेतो.

२९ डिसेंबर

लायनर पुन्हा नवे घातले, कारण तेल प्यालेले लायनर पेट्रोलने धुतले तरी तापल्यावर तेल सोडतात. नवे सील. दोन्ही अ‍ॅक्सलची श्वासनिपले, ट्रान्स्फर केसचे निपल आणि पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातील हवेचे भोकही तपासले. झाकणातही माती होती. ती राहिली असती तर टाकीत निर्वात होऊन गाडी तासाभराने बंद पडली असती आणि आम्ही पंपाला दोष देत बसलो असतो.

५ जानेवारी २०२५

दुसरी चाचणी वंटमुरी घाटात, मुद्दाम भर दुपारी. उतरताना सेकंड गिअरमध्ये इंजिनाचा रोध घेऊन ब्रेक किती वापरावे लागतात ते पाहिले. ड्रम हात लावण्याइतके राहिले. चढताना मात्र माथ्याच्या अलीकडे इंजिनाने दोनदा आचके दिले. फिल्टर अर्धा रिकामा दिसत होता. पंप इंजिनाला लागून असल्यामुळे पेट्रोलची नळी एक्झॉस्टच्या उष्णतेत येते आणि नळीत वाफ धरते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ही वाफ लवकर धरते. नळी एक्झॉस्टपासून वितीभर दूर वळवली आणि तिच्यावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळली.

११ जानेवारी

तोच घाट, तीच वेळ. आचका नाही. तेलाचा दाब गरम इंजिनावर ३० पौंड. परत आल्यावर इंजिन थंड होऊ दिले आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्वपाशी ठेवायचे मोकळे अंतर, तपासले: इनटेक ०.०१८ इंच, एक्झॉस्ट ०.०१६ इंच. एक्झॉस्टच्या टॅपेटकडे दादांनी विशेष लक्ष द्यावे. पूर्वीच्या पेट्रोलमधील शिसे एक्झॉस्ट व्हॉल्वच्या बैठकीची झीज रोखत असे, आणि देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० सालापासून मिळत नाही. अंतर वरचेवर कमी होत गेले तर बैठक झिजते आहे असे समजावे.

१८ जानेवारी

वेगाविषयी दादांशी फोनवर सविस्तर बोललो. जीपच्या अ‍ॅक्सलचे प्रमाण ५.३८ ला १ असे आहे आणि टायर ६.००-१६ मापाचे आहेत. या हिशोबाने ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २४०० फेरे घेते आणि ८० ला सुमारे ३२००. गाडी ८० ने जाऊ शकते. पण दिवसभर ८० ने नेणे या लांब धावेच्या इंजिनावर अन्याय आहे आणि बूस्टर नसलेल्या ब्रेकांवरही. आम्ही ५५ धरून चालणार आहोत. डावीकडच्या स्टिअरिंगमुळे ट्रकमागून पुढचा रस्ता दिसत नाही, म्हणून उजवीकडे बसणाऱ्याने पाहून सांगितल्याशिवाय ओलांडायचे नाही. मागे ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ ही पाटी नव्याने रंगवली.

सोबत घेतलेले सामान: फॅन बेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॉइल, पंपाचा पडदा, एक व्हील सिलिंडर, ब्रेक ऑईल, प्रोपेलर शाफ्टचा एक क्रॉस, रेडिएटरचे दोन्ही होज, दोन ट्यूब, टायर काढण्याचे लिव्हर, इंजिन ऑईल आणि २० लिटर पाणी.

२५ जानेवारी

दादा काल रात्री आले. सकाळी उजाडल्यावर निघालो. तवंदी घाट सेकंड गिअरमध्ये उतरलो. निपाणीला सर्व चाकांच्या हबला हात लावून पाहिला. कागलपासून पुढे रुंदीकरणाचे काम चालू असल्याने वारंवार वळणरस्त्यांवर जावे लागले. तेथील धूळ आणि खड्डे जीपला सोसले, पण दर थांब्याला हवेच्या फिल्टरची ऑईलची वाटी पाहावी लागली. कराडला ती पुसून पुन्हा भरली. दिवस मावळण्याआधी साताऱ्याला मुक्काम.

२६ जानेवारी

पुण्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागत नाही, बोगद्यातून जाता येते. परंतु बोगद्यानंतरचा उतार आणि त्यावरचे नागमोडी वळण यांनी अनेक वाहने उलटवली आहेत, म्हणून बोगद्यातच गिअर खाली घेतला. खरी कसोटी कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलापर्यंतच्या उतारावर होती. उतार डोळ्यांना सौम्य वाटतो, तो संपत मात्र नाही, आणि तेथे गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्यांचे किंवा ब्रेक तापवून घेणाऱ्यांचे अपघात सतत होतात. आम्ही डाव्या कडेने, सेकंड गिअरमध्ये, मागच्यांचे हॉर्न ऐकत उतरलो आणि खाली आल्यावर चारही ड्रम पाहिले. मागचा उजवा इतरांइतकाच गरम होता आणि कोरडा होता.

चाकणच्या गर्दीत पाण्याचा काटा वर गेला, तरी उकळी आली नाही. चंदनापुरी घाटाआधी इंजिनाला अर्धा तास विश्रांती दिली. संध्याकाळी सिन्नरला पोहोचलो. सबंध प्रवासात लिटरमागे सुमारे साडेआठ किलोमीटर पडले आणि इंजिनात पाऊण लिटर ऑईल भरावे लागले. त्यातील बहुतेक मागच्या सीलमधून गेले असावे.

२७ जानेवारी

दादांसोबत गाडीखाली फिरून सर्व नट पुन्हा कसले. बेल क्रँकमध्ये खेळ नाही. स्टिअरिंगच्या डब्यातून थोडे ऑईल पाझरते आहे, त्याचे पॅकिंग पावसाळ्याआधी बदलायचे. क्रँकच्या मागच्या सीलचे काम ज्या दिवशी क्लच काढावा लागेल त्याच दिवशी करायचे. पहिले ग्रीसिंग आणि टॅपेटची तपासणी आणखी एक हजार किलोमीटर झाल्यावर करायची असे ठरले आणि अंतर मोजण्याचा फिलर गेज दादांच्या पान्यांच्या पेटीत ठेवला.